'पी'खाली सगळे पंडित

नव्या गाडीत पेनड्राइव्ह खोचला की पडद्यावर एक चक्र गरगरायला लागतं. अर्ध्या-एक मिनिटाने ते थांबतं आणि तीन कप्पे उघडतात: गाणी, कलाकार, अल्बम. शास्त्रीय संगीताचा थोडाफार संग्रह असलेल्या माणसाने त्यातला 'कलाकार' उघडावा आणि रोमन लिपीतल्या 'पी'पर्यंत खाली यावं. सगळे पंडित तिथे पंगतीला बसलेले असतात. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, जसराज, मल्लिकार्जुन मन्सूर, सगळे एकाच अक्षराखाली. 'यू'खाली उस्तादांची रांग. 'डी'खाली डॉक्टर वसंतराव देशपांडे आणि डॉक्टर प्रभा अत्रे. किशोरीताई कधी 'के'खाली सापडतात, तर कधी गानसरस्वती म्हणून 'जी'खाली. भीमसेन तर चार ठिकाणी: एकदा 'पंडित' पूर्ण लिहून, एकदा टिंब देऊन आखडलेले, एकदा पदवीविना आणि एकदा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त घेऊन. गाडीच्या लेखी ही चार वेगळी माणसं आहेत. प्रत्येकाच्या नावावर पाच-सहा रागांची मालमत्ता.

आजच्या मध्यम किमतीच्या गाडीतले स्पीकर वाईट नसतात. वीस वर्षांपूर्वी मागच्या काचेपाशी बसवलेल्या लंबगोल डब्यांपेक्षा कितीतरी बरे. आवाजाबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार यादीबद्दल आहे. गाडीच्या टेपला (पडदा दहा इंची झाला तरी त्याला आपण टेपच म्हणतो) तीन-चार मिनिटांचं गाणं समजतं, त्याचा एक गायक समजतो आणि दहा-बारा गाण्यांचा अल्बम समजतो. आपल्याकडच्या संग्रहाचा आकारच तसा नाही. त्यात पंचेचाळीस मिनिटांचा एक ख्याल असतो, गीतकार-संगीतकार-गायक अशा तिघांचं मिळून एक भावगीत असतं, अंकांच्या क्रमाने लागणारी नाट्यपदं असतात आणि कुणाच्या तरी काकांनी आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेली, अर्ध्यावर सुरू होणारी मैफल असते.

गाण्याला नाव चिकटवायची ही धडपड जुनी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्गने भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण केलं. गौहर जान गाऊन झालं की शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगाराला कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही सोय. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. पुढे १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या प्रोग्रामरने एमपीथ्रीला नाव चिकटवायची युक्ती काढली, तीही नेमकी तशीच: फाइलीच्या शेपटाला १२८ बाइट जोडायचे. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. प्रकार सांगायला ८० पर्यायांची यादी. तीत पोल्का आहे, अ‍ॅसिड पंक आहे, ख्याल नाही. नाट्यसंगीताला त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'शोट्यून्स'. गाडीच्या पडद्यावरचे ते तीन कप्पे या ३०-३०-३० चेच वंशज आहेत.

तेव्हा आपला संग्रह गाडीला समजेल असा करायच्या कामाची सुरुवात टॅगपासून, म्हणजे फाइलीला चिकटवलेल्या या नोंदींपासून. आधी एक पथ्य: घरातला मूळ संग्रह या कामासाठी हातात धरायचाच नाही. तो कोठारात राहू द्यावा, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारा फाइलीचा प्रकार), हव्या तितक्या तपशिलांसह, देवनागरीतही. गाडीसाठी वेगळी प्रत काढायची, शिदोरी बांधावी तशी. तिच्यावर जे संस्कार करायचे ते बिनधास्त करता येतात, कारण बिघडली तर पुन्हा बांधता येते.

या प्रतीसाठी विंडोजवर 'एमपीथ्रीटॅग' किंवा कुठल्याही संगणकावर 'किड३' हा टॅग बदलायचा प्रोग्राम पुरेसा आहे. पहिली गोष्ट, टॅगची आवृत्ती. हल्लीचे बरेच प्रोग्राम आयडीथ्रीची (एमपीथ्रीच्या टॅगचं हे नाव) २.४ ही आवृत्ती लिहितात, ती २००० सालची. पण गाड्यांमधले अनेक टेप आजही १९९९ च्या २.३ पलीकडे नीट गेलेले नाहीत. मग फाइलीत नाव दिसतं, संगणकावर दिसतं, फोनवर दिसतं आणि गाडीत 'अननोन आर्टिस्ट'. एमपीथ्रीटॅगच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज आणि त्याखाली एमपेग असा भाग आहे. तिथे 'लिहिताना २.३, यूटीएफ-१६' (अक्षरं साठवायची एक पद्धत) निवडायचं, एपीई हा दुसऱ्या जातीचा टॅग काढून टाकायच्या खुणेवर टिक करायची, मग सगळ्या फाइली निवडून एकदा जतन करायच्या. दोन हजार गाण्यांना काही मिनिटं लागतात. 'गाडी टॅग वाचत नाही' या तक्रारींचा मोठा भाग इथेच संपतो.

देवनागरीचं दुखणं वेगळं आहे आणि ते दोन जागी दुखतं. पहिलं एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी लिहायची त्या पद्धतीचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची असते. टेपने ते बाइट जुन्या युरोपीय लिपीचे समजून वाचले की पडद्यावर तिरकी रेघ डोक्यावर घेतलेली 'ए' अक्षरं ओळीने उभी राहतात, प्रत्येकाच्या मागे एक गोल किंवा काटेरी चिन्ह. लक्ष देऊन पाहिलं तर त्यातही शिस्त असते: मूळ शब्दात दीर्घ ईकार, उकार किंवा मात्रा असेल तिथे जपानी येनची खूण दिसते. यूटीएफ-१६ मध्ये लिहिल्यावर हे बहुतेक वेळा थांबतं. मग दुसरं दुखणं वर येतं, ते फाँटचं. टेपमध्ये देवनागरी फाँटच नसेल तर नुसते चौकोन. फाँट असला तरी अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर नसेल तर 'किशोरी'ची पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन पडते आणि 'गंधर्व'मधला रफार 'व'च्या डोक्यावर चढायच्या ऐवजी पाय मोडका 'र' होऊन शेजारी उभा राहतो. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हे आता पुष्कळ सुधारलंय. डेट्रॉइटला किंवा दुबईला गाडी घेतलेल्या मराठी माणसाने मात्र चौकोनांची तयारी ठेवावी.

आणि अक्षरं सुंदर उमटली तरी शोधायची कशी? पडद्याच्या कडेला असलेल्या पट्टीवर 'ए' ते 'झेड' एवढंच असतं. देवनागरी नावं 'झेड'च्याही नंतर, तळाला, एका गठ्ठ्यात. म्हणून मत स्पष्टच सांगायचं तर गाडीच्या प्रतीत नावं रोमन लिपीत लिहावीत. मराठीचा अभिमान कोठारात जपावा. शिदोरीची पुरचुंडी कोणत्या फडक्यात बांधली यावर चव ठरत नाही.

रोमन लिहिताना मात्र एकच लेखनपद्धत ठरवायची आणि मोडायची नाही. पदव्या सगळ्या काढायच्या. पंडित, उस्ताद, विदुषी, बेगम, डॉक्टर, स्वरराज, भारतरत्न, कुणीही गाडीत बसणार नाही. हा अनादर नव्हे. पदवी हवीच असेल तर ती नावाच्या मागे लिहावी, स्वल्पविराम देऊन. काही प्रोग्राम क्रमवारीसाठी वेगळं नाव लिहू देतात, पण ते वाचणारे टेप इतके थोडे आहेत की त्यावर वेळ घालवू नये. एमपीथ्रीटॅगमध्ये कलाकाराच्या रकान्यावर क्लिक केलं की यादी वर्णक्रमाने लागते आणि एकाच माणसाची चार रूपं शेजारी येतात. ती सगळी निवडून डावीकडच्या चौकटीत नाव एकदाच टाइप करायचं. शे-सव्वाशे गायकांचा संग्रह एका रविवारी दुपारी आटोपतो.

खरी गंमत 'अल्बम आर्टिस्ट' या दुर्लक्षित रकान्याची. चित्रपटगीतांचा अल्बम घ्या. दहा गाणी, त्यात लता, आशा, सुधीर फडके, महेंद्र कपूर आणि दोन युगुलगीतं. हा रकाना कोरा असला की टेप एका चित्रपटाचे सहा तुकडे करतो, प्रत्येक गायक-जोडीला एक. त्यात सगळ्या दहा गाण्यांना संगीतकाराचं नाव लिहिलं की तुकडे सांधतात. उलटा घोटाळाही होतो. बरेच टेप अल्बमचं फक्त नाव पाहतात. 'भावगीते', 'अभंग', 'नाट्यसंगीत', 'सुवर्णक्षण' या नावाच्या तबकड्या मराठीत कमी नाहीत. चार वेगवेगळ्या गायकांची 'भावगीते' मग एका अल्बमात कोंबली जातात: चौघांचं पहिलं गाणं ओळीने, मग चौघांचं दुसरं. इलाज सोपा आहे. अल्बमच्या नावातच गायक घालायचा.

मुखपृष्ठाचं चित्र प्रत्येक गाण्यात ठेवायचं असेल तर ५०० बाय ५०० पिक्सेल पुरे, साधं जेपेग. हळूहळू स्पष्ट होत जाणारा 'प्रोग्रेसिव्ह' जेपेगचा प्रकार अनेक टेपना उलगडत नाही. तीन-तीन एमबीची चित्रं ठासून भरली तर ते सुरुवातीचं चक्र अर्ध्या मिनिटाऐवजी पाच मिनिटं फिरतं, आणि दोष पेनड्राइव्हला जातो.

एवढं सगळं करूनही टॅगवर फार भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे. टॅगची यादी गाडी बनवते, तिच्या अकलेने. फोल्डरची रचना आपली असते. जवळपास प्रत्येक टेपमध्ये 'फोल्डर' किंवा 'ब्राउझ' नावाचं बटण असतं, बहुधा दुसऱ्या पानावर, लाजून बसल्यासारखं. ते एकदा शोधलं की 'पी'खालची पंगत उठवता येते. शास्त्रीय संगीतासाठी फोल्डर प्रहरांचे करावेत: '०१ पहाट'मध्ये ललत आणि भैरव, '०२ सकाळ'मध्ये तोडी आणि जौनपुरी, दुपारचे सारंग, संध्याकाळचे पूरिया आणि मारवा, मग यमन, बागेश्री, दरबारी. भल्या सकाळी निघालेल्या गाडीत दरबारी आपोआप लागणं ही काही अपघाताएवढी गंभीर गोष्ट नाही, पण चुकीची नक्कीच आहे, आणि कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर ती दुरुस्त करणार नाही. बाकीचे फोल्डर उपयोगानुसार: घाटातलं, मुलं सोबत असतानाचं, रात्री झोप उडवणारं.

फोल्डरांच्या उतरंडी खोल करू नयेत. दोन पातळ्या बस्स. एका फोल्डरात किती फाइली आणि एकूण किती, याच्या मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर बारीक टायपात असतात. मॉडेलगणिक आकडे बदलतात, २५५ चा आकडा मात्र वारंवार भेटतो. मर्यादेपलीकडची गाणी टेप नुसती गाळतो. चूक झाल्याचा इशारा नाही, काही नाही. 'एम'नंतरचे सगळे कलाकार गायब असतील तर पेनड्राइव्ह खराब नाही, मर्यादा भरली आहे.

आता क्रम. क्रमाचं महत्त्व कुणाला पटवायचं असेल तर गीतरामायण पेनड्राइव्हवर टाकावं. ५६ गाणी, कथेच्या ओघात बांधलेली. फाइलींना १, २, ३ असे आकडे दिले तर टेप त्यांना आकडा म्हणून नव्हे, अक्षर म्हणून वाचतो. १ नंतर १०, मग ११, थेट १९ पर्यंत, आणि मग २. रामजन्माला फारच उशीर होतो. म्हणून ०१, ०२ असे दोन अंकी आकडे. गाणी शंभराच्या वर असतील तर तीन अंकी.

एवढं करूनही क्रम चुकतोच, आणि इथे माणसं हात टेकतात. कारण असं, की पुष्कळ टेप नावाने क्रम लावतच नाहीत. पेनड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीच्या (फाइली साठवायची ही जुनी मांडणी) तक्त्यात फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतात. संगणक दाखवताना वर्णक्रम लावून दाखवतो, म्हणून आपल्याला तो घोळ दिसत नाही. विंडोजमध्ये वीस फाइली निवडून माऊसने ओढल्या की ज्या फाइलीवर बोट असेल ती बहुधा आधी उतरते. एखादं गाणं पुसून नवं टाकलं तर ते पुसलेल्याच्या रिकाम्या जागी, मधोमध जाऊन बसतं. यावर छोटे प्रोग्राम आहेत: विंडोजला 'ड्राइव्हसॉर्ट', लिनक्स आणि मॅकला 'फॅटसॉर्ट'. ते गाण्यांना हात लावत नाहीत, फक्त तक्त्यातल्या नोंदी नावाच्या क्रमाने पुन्हा मांडतात. सगळी गाणी भरून झाल्यावर, अगदी शेवटी, एकदा चालवायचा. नंतर एकही गाणं वाढवलं तर परत.

फॅटचा विषय निघालाच आहे तर 'गाडी पेनड्राइव्ह घेतच नाही' या तक्रारीचंही बघून घेऊ. नवे ६४ जीबी आणि वरचे पेनड्राइव्ह दुकानातून येतात तेच एक्सफॅट पद्धतीने बांधलेले. नव्या गाड्या ते घेतात, थोड्या जुन्या घेत नाहीत. एनटीएफएसचं नक्की सांगता येत नाही आणि मॅकच्या खास पद्धती कुठलाच टेप घेत नाही, असं धरून चालावं. फॅट३२ सगळीकडे चालते. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपुढे फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही, म्हणून माणसं समजतात की ते शक्य नाही. शक्य आहे. 'रूफस' या फॉरमॅट करायच्या प्रोग्राममध्ये बूट करायचं नाही असं सांगून 'लार्ज फॅट३२' निवडायचं, पार्टिशनची (पेनड्राइव्हवरच्या विभागांची) पद्धत एमबीआर ठेवायची आणि एकच पार्टिशन करायचं. जीपीटी पद्धत आणि दोन पार्टिशनं, या दोन गोष्टींवर धडधाकट पेनड्राइव्ह अडतात.

पण ६४ हवाच कशाला? २५६ केबीपीएसची (सेकंदाला इतके किलोबिट, हाच बिटरेट) एमपीथ्री तासाला साधारण ११५ एमबी खाते. ३२ जीबीत सुमारे २७५ तास मावतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आठेक तासांचा. एकही गाणं परत न लावता तीस-पस्तीस फेऱ्या होतील. लहान पेनड्राइव्ह लवकर वाचला जातो, आणि कोठार गाडीत घेऊन फिरायचा मोह टळतो.

मॅकवरून गाणी भरणाऱ्यांना एक भुताटकी भेटते. प्रत्येक गाण्याआधी टेप एक सेकंद अडखळतो, 'फाइल वाजवता येत नाही' म्हणतो आणि पुढे जातो. शंभर गाण्यांच्या ठिकाणी दोनशे दिसतात. मॅक प्रत्येक फाइलीसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छुपी सावली ठेवतो. मॅकला ती दिसत नाही, गाडीला दिसते. टर्मिनलमध्ये 'डॉट क्लीन' ही आज्ञा (दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर) पेनड्राइव्हच्या नावासह चालवायची, मगच तो बाहेर काढायचा.

भोकांचंही तसंच. गाडीत चार यूएसबी असतात आणि त्यातलं बहुधा एकच बोलतं, बाकीची फक्त चार्जिंगची. त्रिशूळाची किंवा फोनची खूण असलेलं भोक माहितीचं, विजेची किंवा बॅटरीची खूण असलेलं नुसतं अन्नछत्र. एकच बोलकं भोक आणि त्यात फोन, तर पेनड्राइव्ह कुठे? हब लावून दोन्ही चालवायचा प्रयत्न बहुतेक ठिकाणी फसतो. गाडीत वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनची अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) असेल तर फोन हवेतून जोडावा आणि भोक पेनड्राइव्हला मोकळं ठेवावं. पेनड्राइव्ह बोटाच्या पेराएवढाच घ्यावा. लांब असला की गिअरवरून हात परत येताना धक्का लागतो, आणि मोडतं ते गाडीचं भोक. उन्हाचंही भान हवं. पेनड्राइव्हची चालतेवेळची मर्यादा बहुधा ४५ ते ६० अंश सेल्सियस लिहिलेली असते. मे महिन्यात चंद्रपुरात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ती कधीच ओलांडतो. गाडी लावताना पेनड्राइव्ह काढून खालच्या कप्प्यात टाकणं हे उन्हाळ्यापुरतं तरी अंगवळणी पाडावं.

फाइलींच्या प्रकारात फार शहाणपणा दाखवू नये. फ्लॅक अनेक नव्या गाड्या वाजवतात, पण १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्या दर्जाचीच खात्री. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर कित्येक टेप मौन धरतात. ताशी शंभरच्या वेगात गाडीच्या आत ६५ ते ७० डेसिबलचा घरघराट असताना त्या जास्तीच्या बिटांचं करायचं तरी काय? २५६ ची, एकसारख्या बिटरेटची एमपीथ्री गाडीसाठी उत्तम. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत सुरुवातीची नोंद गहाळ असली की टेप पन्नास मिनिटांचा राग तीन तासांचा दाखवतो आणि पुढे ढकलायला गेलं की भलतीकडे पोचतो. ती नोंद 'फूबार२०००' दुरुस्त करून देतो. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल वाजतच नसेल तर 'मीडियाइन्फो'त उघडून पाहावी. पुष्कळदा आत निराळाच प्रकार असतो आणि कुणीतरी शेपटीला नुसतं 'एमपीथ्री' लिहिलेलं असतं.

ख्याल ऐकणाऱ्याला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे मधली फट. सीडीवर विलंबित हा एक ट्रॅक असतो आणि द्रुत हा दुसरा. गायक थांबलेला नसतो, तबलजीने फक्त लय बदललेली असते. एमपीथ्री मात्र ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधली जाते, एक ठोकळा २६ मिलिसेकंदांचा. फाइलीच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते आणि शेवटचा ठोकळा शांततेने भरून पुरा केला जातो. ती किती, हे 'लेम' एन्कोडर फाइलीत लिहून ठेवतो, फोनवरचे चांगले प्लेअर ते वाचून वगळतात, गाडीचे टेप बहुधा वाचत नाहीत. शिवाय पुढची फाइल उघडायलाही त्यांना क्षण लागतो. परिणाम असा, की समेवर यायच्या ऐन वेळी दचका. मिनिटभराची शांतता परवडली, अर्ध्या सेकंदाची नाही. यावर गाडीच्या सेटिंगमध्ये काही शोधू नये. मूळ फ्लॅक किंवा सीडीवरून विलंबित आणि द्रुत 'ऑडॅसिटी' या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्राममध्ये एकाला एक लावून ठेवावेत आणि रागाची एकच फाइल काढावी.

याच्या उलट आकाशवाणीवरून उतरवलेल्या कॅसेटचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटांची अखंड फाइल. तिच्यात दोन राग, एक ठुमरी आणि निवेदिकेचा आवाज. ठुमरीपर्यंत पोचायला बटण दाबून धरून बसावं लागतं, तेही वाहत्या रस्त्यावर. निवेदनाच्या जागी कापून तुकडे करावेत. कापताना शेवटच्या टाळ्या ओसरू द्याव्यात. जुन्या डेकवरून उतरवताना एकच वायर नीट बसली असेल तर आवाज फक्त डाव्या बाजूने येतो. घरी हेडफोनशिवाय हे लक्षात येत नाही, गाडीत लगेच येतं. ऑडॅसिटीत दोन्ही पट्ट्या वेगळ्या करून मुकी पट्टी पुसावी आणि मोनोमध्ये निर्यात करावी.

आवाजाची पातळी हा शेवटचा मोठा उपद्रव. साठच्या दशकातल्या भावगीतासाठी आवाज बावीसवर नेलेला असतो, आणि लगेच मागून गेल्या वर्षीचं एखादं चित्रपटगीत ताशांसह येऊन आदळतं. संगणकावरचे प्लेअर 'रिप्लेगेन'ची नोंद वाचून हे सावरतात, गाड्या सहसा वाचत नाहीत. 'एमपीथ्रीगेन' मात्र फाइलीतलाच पातळीचा आकडा बदलतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, पुन्हा एन्कोड न करता. त्याचं ठरलेलं लक्ष्य ८९ डेसिबल, गाडीसाठी ९२ चालतं, 'क्लिपिंग'च्या (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटण्याच्या) रकान्यात खूण उमटली तर खाली यावं. सरमिसळ फोल्डरला 'ट्रॅक'ची पद्धत, एका मैफलीला 'अल्बम'ची, नाहीतर आलापी आणि द्रुत एकाच उंचीचे होतात. एक गोम: हा प्रोग्राम पूर्वस्थितीची नोंद एपीई टॅगमध्ये ठेवतो आणि काही टेप त्यावरच अडखळतात. म्हणून आधी गेन, मग एमपीथ्रीटॅगची सफाई, हा क्रम.

पातळी जुळली तरी खर्जातली आलापी टायरांच्या आवाजात बुडते. गाडीच्या सेटिंगमध्ये वेगाबरोबर आवाज वाढवायची सोय असते, ती मधल्या पायरीवर ठेवावी. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडॅसिटीतला 'कंप्रेसर', म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारी सोय, साधारण तीनास एक या प्रमाणात. घरच्या खोलीत बसून ऐकणाऱ्याला हे पाप वाटेल. वाटू दे, ती प्रत त्याच्यासाठी नाही.

फोनवरून ब्लूटूथने लावलं तर यातला बराच ताप चुकतो, हे खरं. गाणी फोनमध्येच साठवलेली, वाजवायला 'म्युझिकोलेट', 'पॉवरअँप' किंवा 'व्हीएलसी'. तिघेही अँड्रॉइड ऑटोच्या पडद्यावर येतात. पहिल्या दोघांत फटही उरत नाही. ब्लूटूथची साधी एसबीसी पद्धत ३२८ केबीपीएसपर्यंत जाते. एमपीथ्री उलगडून पुन्हा आवळली जाते, पण घरघराटात तो फरक ऐकू येत नाही. अडचण निराळी आहे. गाडी चालू असताना लांब याद्या सुरक्षेसाठी काही ओळींनंतर थांबवल्या जातात, म्हणजे परत 'पी'खालच्या पंगतीत सातव्या पानावर बसलेले मल्लिकार्जुन मन्सूर. फोन आला की गाणं थांबतं आणि परत येईलच असं नाही. आणि घरी सर्व्हर चालवून आपलाच संग्रह इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांची गाठ ताम्हिणीत पडते, जिथे पाऊस भरपूर आणि रेंज नाही. तिथे पेनड्राइव्ह मुकाट्याने वाजत राहतो. शिवाय फोनची ही सोय गाडीवाल्यांच्या मर्जीवर आहे. जनरल मोटर्सने २०२३ मध्येच आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांतून कारप्ले (आयफोनची तशीच सोय) आणि अँड्रॉइड ऑटो काढून टाकायचं जाहीर केलं.

उरतो विसराळूपणा. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत आलं की चांगला टेप जिथे होता तिथून पुढे चालू करतो. बरेच टेप राग पहिल्यापासून सुरू करतात. काही तर यादीच्या पहिल्या गाण्यावर जाऊन उभे राहतात. मग वर्णक्रमात पहिलं येणारं ते एक गाणं वर्षभरात दोन-तीनशे वेळा ऐकावं लागतं आणि जन्माचं नावडतं होतं. फोनही गाडीला जोडताक्षणी हेच करतात. याला कंटाळून अमेरिकेत २०१७ मध्ये एकाने जवळजवळ दहा मिनिटांच्या निव्वळ शांततेचा ट्रॅक विकायला काढला. नाव असं, की यादीत तोच पहिला यावा. लोकांनी विकत घेऊन तो खपाच्या यादीत वर चढवला.

आपल्याकडे शांततेपेक्षा बरी सोय आहे. पेनड्राइव्हवर '००' नावाचा फोल्डर करावा आणि त्यात एकच फाइल ठेवावी: दहा मिनिटांचा तानपुरा, काळी एक किंवा पांढरी चार, ज्याची त्याची पट्टी. टेप सगळं विसरून पहिल्या फाइलीवर आला की तो वाजायला लागतो. पट्टा लावून, आरसा जुळवून, सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढेपर्यंत त्याच्यावर काही गाणं लावायची घाई राहत नाही.